बैलांचा सोमवार

शिंगणहाळात सोमवारी औत धरत नाहीत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा, वार तो. पेरणी अंगावर आलेली असो, नाहीतर पाऊस डोक्यावर उभा असो, लिंगायताच्या दावणीचा बैल सोमवारी जुवाखाली मान घालणार नाही. वैरण खाईल, रवंथ करील, शेपटीनं माशा वारील. अण्णाप्पा तर त्या दिवशी बैलांना ओढ्यावर नेऊन घासून धुवायचा, शिंगांना तेल लावायचा आणि बैल उन्हाला उभे राहिले की त्यांच्या पुढ्यात तंबाखू मळत बसायचा. सोमवार उजाडला की गावात एक शब्द ठरलेला होता: आज सुट्टी. गावात शाळा यायच्या आधीपासून हा शब्द होता आणि तो बैलांसाठीच होता.

बैलांना सुट्टी म्हणून माणसाला सुट्टी असं काही नाही. अण्णाप्पाची बायको शांतव्वा त्या सोमवारीही अंधार फुटायच्या आधी उठली होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शर्ट शिवायची कंपनी होती. कामाच्या बायकांना न्यायला कंपनीची ट्रॅक्स जीप उजाडताच वेशीवर यायची आणि हॉर्न मारून झाला की कुणाच्या बापासाठी थांबायची नाही.

"ह्यास्नी अंघोळ हाय, तेल हाय," भाकरी फडक्यात बांधत शांतव्वा म्हणाली. "माझ्या डोसक्याला तेल लागून किती दिस झालं, ते इचारा की."

"तू काय बसवण्णा हाईस व्हय?" अण्णाप्पा म्हणाला.

"नसू दे. बैल तरी करायचं हुतं देवानं."

अण्णाप्पानं तंबाखूची चिमूट गालात सरकवली. "काल दुकानात विद्याचा फोन आलता. कुबसा ठरला. म्होरला सोमवार सोडून त्याच्या म्होरला."

शांतव्वाचा हात फडक्याच्या गाठीवर थांबला. विद्याश्री ही त्यांची एकुलती लेक, शिरोळात दिलेली, पहिलटकरीण. सातवा महिना लागला की माहेरचा कुबसा न्यावा लागतो. कुबसा म्हणजे चोळी. आईनं हिरव्या खणाची चोळी शिवायची, हिरवं लुगडं आणि गोडाधोडाची बुट्टी घेऊन लेकीच्या सासरी जायचं आणि आपल्या हातानं ती चोळी तिच्या अंगात घालायची. मग दिवस भरत आले की तिला बाळंतपणाला माहेरी आणायची. ह्याला आईच लागते. आई जिवंत असून आली नाही, तर सासरची माणसं लेकीला ते आयुष्यभर ऐकवतात.

"मला सुट्टी कोण देतंय?" शांतव्वा म्हणाली. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि ती पदर खोचून पळत सुटली.

कंपनीची शेड पत्र्याची होती. माघ सरला नव्हता, तरी दुपार झाली की वरून भट्टी लागायची. परदेशात कपडा पाठवायची जुनी बंधनं त्या नव्या वर्षापासून उठली होती, म्हणजे दोन हजार पाचच्या जानेवारीपासून. शेठ म्हणायचा, आता सगळं जग आपल्याला शिवायचं आहे. बायकांना त्यातलं एवढंच कळलं की आयतवार गेला. सातही वार ट्रॅक्स यायला लागली. शांतव्वा कॉलर बसवायची. आलेला शर्ट घ्यायचा, गळा जुळवायचा, पायाखाली मशीन सोडायचं, वळण घ्यायचं, पुढं ढकलायचा. संध्याकाळपर्यंत मान अशी धरायची की मागून कुणी हाक मारली तर तिला अख्खं अंग वळवावं लागायचं. शर्ट असे मोठे की एकात तिच्यासारख्या दोन बायका मावल्या असत्या. ते घालणारी माणसं केवढी असतील ह्याच्यावर बायकांच्या गप्पा चालायच्या, आणि त्या सगळ्याच सांगण्यासारख्या नव्हत्या.

सगळ्यात वाईट होती ती पट्टी. लघवीला जायचं तर दोरीला बांधलेली लाकडी पट्टी गळ्यात अडकवून जायचं. लाइनीला एकच पट्टी. ती कुणाच्या गळ्यात आहे हे सगळ्या शेडला दिसायचं, आणि उशीर झाला की बाप्यांसमोर नाव घेऊन हाक यायची. शांतव्वा दुपारपर्यंत पाणीच प्यायची नाही.

लाइनीवर सुपरवायझर होता वीरेश. निपाणीकडचा, त्यांच्याच समाजातला पोरगा, तोंडानं फटकळ पण आतून अगदीच कोरडा नव्हे. जेवणाच्या वेळेला शांतव्वानं त्याला गाठलं.

"वीरेश, लेकीचा कुबसा हाय रं. एक सोमवार दे."

"माल बोटीवर चढल्याबिगर कुणाला सुट्टी न्हाय, अक्का. शेठनं सांगितलंय."

"तुझ्या भैनीचा न्हाय झाला व्हय कुबसा?"

वीरेश एका शर्टाचा लोंबता धागा तोडत राहिला. "झाला की. मी बी गेलो न्हाय." मग इकडंतिकडं बघून म्हणाला, "हे बघ. आडिट हाय आता. माल घेणाऱ्या बायरची माणसं येणार, बायकांस्नी इचारणार. ती एकदा खूश हून गेली की सोमवार तुझा. बसवण्णाची आण. पण नीट बोलायचं."

नीट बोलायचं म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवसापासून शिकवायला सुरुवात झाली. भाकरी खाऊन झाली की वीरेश स्टुलावर चढायचा आणि बायका शाळेतल्या पोरींगत ओळीनं बसायच्या.

"सुट्टी कवा असती?"

"आयतवारी!"

"जादा काम?"

"आपल्या मर्जीनं!"

"संडासला जायला?"

"कवाबी!"

"आणि ती पट्टी?" मागून तानाबाई ओरडली. "ती काय म्हसोबाला वाहिली म्हणून सांगायचं?"

तानाबाई शिंगणहाळचीच, शांतव्वाच्या पाठीमागच्या मशीनवर काजं करायची. नवरा गेल्यावर घरात पुरुषमाणूस नव्हतं, आणि तोंडाला कुलूपही नव्हतं. शेडमध्ये कुणी सुट्टीचा विषय काढला की तानाबाईचं एक बोलणं ठरलेलं होतं: "आपुन काय बैल हाय व्हय, सुट्टी घ्यायला!" शिंगणहाळच्या बायकांना त्यातली मेख कळायची आणि त्या खदखदायच्या. हळूहळू ते बोलणं सगळ्या लाइनीचं झालं. कुणाच्या बोटात सुई गेली, कुणाला ताप आला, की कुणीतरी म्हणणार, आपुन काय बैल हाय व्हय. त्यावर हसलं की संध्याकाळ जरा लवकर यायची.

आडिटच्या दिवशी पट्टी खरंच नाहीशी झाली. मोरीत साबण आला, खुंटीला पांढरा टॉवेल आला आणि त्याला हात पुसायचे नाहीत असं बायकांना बजावलं. पिण्याचं पाणी गार लागत होतं. एक गोरा माणूस आग विझवायच्या लाल नळकांड्यांकडं बघत हिंडला, दारं उघडून बघितली, मान डोलावली. त्याच्याबरोबर मुंबईची एक बाई होती, अवंतिका मॅडम. साधी सुती साडी, आवाज मऊ. ती बायकांशी बोलत होती, आणि बोलताना कुणाच्या डोक्यावर उभी राहत नव्हती, स्टूल ओढून शेजारी बसत होती. अशी माणसं शेडमध्ये येत नसत. बायकांना तिची भीती वाटेना, आणि तिथंच घोटाळा झाला.

जेवणाची वेळ होती. शांतव्वानं भाकरी चार घासांत आटपून पिशवीतनं हिरवा खण काढला होता. घरी मशीन नव्हतं. वीरेशनं नको म्हटलं नव्हतं. चोळीची बाही लावत असताना शेजारी स्टूल सरकलं.

"किती सुंदर खण आहे," अवंतिका म्हणाली. "कुणासाठी?"

"लेकीला वो, म्याडम. कुबसा हाय तिचा."

मग कुबसा म्हणजे काय, ते सांगणं आलं. शांतव्वानं ते मन लावून सांगितलं. एवढ्या शिकल्या बाईनं कान देऊन ऐकावं ह्याचं तिला भारी वाटलं. लेक कशी, जावई कसा, चोळीचं माप आठवणीनंच कसं घेतलं, सगळं सांगून झालं.

"आणि कधी आहे हा कुबसा?"

"येत्या सोमवारी."

"सोमवारी? मग तुमच्याकडे सुट्टी सोमवारी असते का?"

तुमच्याकडे. शांतव्वाच्या कानाला तो शब्द घरचा लागला. लेकीचं बोलणं चाललं होतं, गावचं चाललं होतं. तुमच्याकडे म्हणजे तुमच्यात, तुमच्या गावात.

"व्हय की," ती म्हणाली. "आमच्याकडं सोमवारीच सुट्टी. पैल्यापासनं."

अवंतिका जरा गोंधळली. "कंपनी तर रविवार सांगते."

"छ्या, आयतवार कशाला? सोमवारी औत धरत न्हाईत न्हवं. बैलास्नी सुट्टी."

"बैलांना होय!" अवंतिका हसली. "आणि तुम्हाला?"

"आमी काय बैल हाय व्हय, सुट्टी घ्यायला!"

रोजच्या सवयीनं तोंडातनं निघालं. शांतव्वा रोजच्यासारखी हसली, शेजारच्या बायकाही रोजच्यासारख्या हसायला लागल्या आणि मध्येच गप्प झाल्या. अवंतिका हसली नाही.

"म्हणजे रविवारीही काम असतं?"

आयतवारी सुट्टी, जादा काम मर्जीनं, संडासला कवाबी. सगळं पाठ होतं आणि सगळं जिभेवर आलंही. पण ते आता कुठं चिकटवायचं हे तिला कळेना. तिनं वीरेशकडं बघितलं. तिनं बघितलं हेही अवंतिकानं बघितलं.

"घाबरू नका," ती हळूच म्हणाली. "तुमचं नाव कुठेही येणार नाही."

बाई शब्दाची पक्की निघाली. नाव खरंच कुठं आलं नाही. पण अख्ख्या लाइनीनं ऐकलं होतं, त्यामुळं नावाची गरज पडली नाही.

शनिवारी शेठ स्वतः शेडमध्ये आला आणि वीरेशच्या स्टुलावर चढला. जाड माणूस, स्टूल करकरलं, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

"बायरला शर्ट स्वस्तात पाहिजे. दिला," शेठ म्हणाला. "गेल्या साली ज्या भावात दिला त्याच्यापेक्षा बी कमी पाहिजे म्हणाला. दिला. लवकर पाहिजे म्हणाला, दिला. आता म्हणतोय बायकांना आयतवारी सुट्टी बी पाहिजे. मी म्हटलं, द्या की मग भाव वाढवून. तर म्हणतोय, भावाचं खातं निराळं, सुट्टीचं निराळं. ऑर्डर काढून घेतली त्यानं. तयार माल बी नको म्हणतोय."

"कुठं गेली ऑर्डर?" कुणीतरी विचारलं.

"बांगलादेशात गेली, नाहीतर आणि कुठं गेली. मला सांगून गेली न्हाय."

"तिथं आयतवारी सुट्टी असती?" तानाबाईनं विचारलं.

शेठनं तिच्याकडं बघितलं. "तिथल्या बायकांनी नीट पाठ केलं असंल."

शेठ लबाड होता, पट्टी त्याचीच होती, पण ह्या एका बोलण्यात तो खोटं काही सांगत नव्हता. सोमवारपासून शेडला कुलूप.

परतीच्या ट्रॅक्समध्ये रोज मांडीवर मांडी टाकून बसायला लागायचं. त्या दिवशी शांतव्वाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. गाव जवळ आलं तेव्हा तानाबाई बोलली.

"तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाय बघ, शांते."

"बोलणं तुझंच हुतं की, ताने."

"माझं हुतं. पर मी ते म्याडमच्या पुढ्यात जाऊन वकलो व्हय?"

ट्रॅक्स वेशीवर थांबली आणि बायका तिला वाट न देता उतरल्या.

सोमवारी कुबसा झाला. बैलगाडी जुंपायचा प्रश्नच नव्हता, सोमवार होता. दोघं बुट्टी डोक्यावर घेऊन हमरस्त्यापर्यंत चालत गेली आणि एसटीनं शिरोळला पोचली. विद्याश्रीचा चेहरा भरला होता, पावलं सुजली होती. आईला बघून ती दारातच रडायला लागली. शांतव्वानं तिला पाटावर बसवून चोळी अंगात घातली, तर ती काखेत अडकली. आठवणीतलं माप जुनं झालं होतं. बायका हसल्या. शांतव्वानं तिथंच शिवण दातांनी उसवली, चिमटीत धरून बारीक टाके घातले आणि चोळी बसवली.

"आव्वा, सुट्टी कशी दिली गं तुला?" विद्याश्रीनं कानात विचारलं.

"दिली."

"चांगली माणसं हाईत म्हणायची."

"व्हय. चांगली हाईत."

जेवणं झाल्यावर विहीणबाई पान लावत म्हणाली, "पोरीला बाळंतपणाला न्याल, ते रीतीचं हाय. पण तुमी दिसभर कंपनीत. बाळंतिणीजवळ बसणार कोण? बैल?"

"मी घरातच हाय आता," शांतव्वा म्हणाली. हे सांगताना तिला खरंच बरं वाटलं. लेक घरात, पाळणा घरात, शेगडी, ओव्याचा धूर, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं. ऑर्डर गेली त्यात एवढं तरी आपल्या पदरात पडलं असं वाटलं, आणि तानाबाईची आठवण येऊन त्या वाटण्याची लाजही वाटली.

पगार थकला होता. बायका चार-पाच वेळा कुलपापुढं जाऊन बसल्या तेव्हा शेठनं गोडाऊन उघडलं. पैसे नाहीत, म्हणाला, शर्ट न्या. बायरनं नको म्हटलेले शर्ट गठ्ठ्यानं गावात आले. बाजारात विकायला नेले, तर तिथं आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या बायका तेच शर्ट मांडून बसलेल्या. शेवटी ते घरातच वापरात आले. त्या उन्हाळ्यात शिंगणहाळ बघण्यासारखं झालं होतं. सगळे बाप्ये फिक्या निळ्या शर्टात. बाह्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या, खांदे कोपरापर्यंत उतरलेले. अण्णाप्पा औतामागं चालायचा तेव्हा शर्टाचा घोळ मागं फडफडायचा. चावडीवर निळे, तालमीपुढं निळे, लगमाप्पाच्या उन्हाळी मक्यातलं बुजगावणंसुद्धा निळं. पाखरं त्याला भ्यायची की नाही माहीत नाही, पण परदेशी कॉलर त्याला झोकात बसली होती.

शांतव्वाला प्रत्येक गळ्यात आपलं वळण दिसायचं. बायकांनाही ते दिसत असणार. आडावर ती गेली की बोलणं थांबायचं. तानाबाई रोजगारानं भांगलायला जायला लागली, बांधावरनं जाताना सगळ्यांना हाक मारायची आणि शांतव्वाच्या दारासमोरून मुकाट्यानं पुढं जायची. शांतव्वा आतून तिच्या पायांचा आवाज ऐकायची. मनातल्या मनात ती स्वतःला शिव्या द्यायची, मग त्या मॅडमला द्यायची, आणि मग मॅडमचा मऊ आवाज आठवला की शिव्याही थांबायच्या. बाईनं वाईट काय केलं होतं? विचारलं होतं.

वळवानं तोंड दाखवलं नाही. मृग लागायच्या आधी शेडचं कुलूप निघालं. पाटी नवी, नाव नवं, मशीनं तीच. मालक म्हणून आता शेठचा मेहुणा होता आणि बायर दुसरा होता. मजुरी आधीपेक्षा कमी. वीरेश मोटारसायकलवरून गावात आला, घरोघर गेला आणि शांतव्वाचं दार चुकवून परत गेला. दोन दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी, तो दारात उभा राहिला. मागं तानाबाई होती.

"हीच म्हणाली," वीरेश म्हणाला. "नवी कॉलरवाली माल बिघडवून ठेवालीया. तानाबाई म्हणती, शांतव्वाला आण, न्हायतर मी बी येत न्हाय."

तानाबाई दुसरीकडं बघत होती. "काजं कराय वाकडी कॉलर आली की माझाच पीस परत येतोय," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं. बाकी काय न्हाय."

शांतव्वाला रडू आलं, ते तिनं आवरलं. "लेक येणार हाय रं बाळंतपणाला. दोन म्हैन्यानं येतो मी."

"दोन म्हैने वाकडी कॉलर पाठवू व्हय, अक्का? उद्याच्याला पाहिजे."

अण्णाप्पा दावणीपाशी बसला होता. वैरणीची गंजी तळाला आली होती, खालची काळी पडलेली पेंढी दिसत होती. पाऊस नाही, तर विकतची वैरण. बैल धुतलेले, तेल लावलेले, सोमवारचे उभे होते, आणि त्यांची माकडहाडं वर आली होती. शांतव्वानं त्यांच्याकडं बघितलं, आणि नवऱ्याकडं बघितलं.

"येतो," ती म्हणाली.

"थांब. एक इचारू?" वीरेशनं आवाज खाली आणला. "सुट्टी कवा असती, अक्का?"

तानाबाईनं मान खाली घातली.

"आयतवारी," शांतव्वा म्हणाली.

"जरा जोरात."

"आयतवारी!"

बैलांनी वर बघितलं आणि पुन्हा पेंढीत तोंड घातलं.

शिरोळला निरोप धाडला, तसा विहीणबाईचा उलट निरोप आला: मग आमची सून आमी बघतो, तुमी कंपनी बघा. विद्याश्री फोनवर फक्त "बरं आव्वा" म्हणाली. तिचं ते बरं शांतव्वाच्या काळजाला लागून राहिलं.

पाऊस लागला, पेरण्या झाल्या, आणि एका सोमवारी विद्याश्रीला मुलगा झाला. बारसं आयतवारी धरलं, का, तर सगळ्यांना सुट्टी असते. शांतव्वानं वीरेशपुढं हात जोडले. पहिलाच माल होता नव्या बायरचा. वीरेशनंच तिच्यापुढं उलटे हात जोडले.

मग तिनं एका निळ्या शर्टाच्या बाह्या कापल्या. एका बाहीतनं झबलं निघालं, दुसरीतनं कुंची. कापड मऊ होतं, बाळाच्या अंगाला काचलं नसतं. कुंचीला तिनं हिरव्या खणाचा उरलेला काठ लावला आणि दोन्ही अण्णाप्पाजवळ दिली. आयतवारी तो शिरोळला गेला आणि ती ट्रॅक्सनं कामाला.

रात्री जेवायला वाढून ती त्याच्यासमोर बसली. "सांगा."

"काय? झालं की बारसं."

"नाव काय ठेवलं?"

"सोमशेखर. सोमवारचा हाय म्हणून."

"कुंची घातली?"

"घातली. विद्यानंच घातली."

"पाळणा कुणी म्हटला? किती बायका हुत्या? पेढं का बर्फी?"

अण्णाप्पाला आठवेल तेवढं त्यानं सांगितलं.

"आणि कुणासारखा हाय पोरगा?"

अण्णाप्पानं डोकं खाजवलं. बाप्यांची बैठक बाहेर होती. बाळ घटकाभर दाराशी आणून दाखवलं होतं, कुंचीत गुंडाळलेलं. "पोरासारखा पोरगा हाय," तो म्हणाला. "लाल."

"एवढं लांब गेलासा आणि एवढं बघून आला न्हाईसा?" शांतव्वा ओरडली, ताट त्याच्या पुढ्यात तसंच टाकून चुलीपाशी गेली आणि भिंतीकडं तोंड करून हुंदके देऊन रडली. अण्णाप्पानं ताट बाजूला सारलं.

त्याच आठवड्यात आडिट आलं. साबण, टॉवेल, गार पाणी. पट्टी नाहीशी. नव्या बायरकडूनही मुंबईची तीच बाई आली. लाइनीतनं चालत येताना ती थबकली आणि स्टूल ओढून शांतव्वाच्या शेजारी बसली.

"ओळखलंत मला?"

"व्हय की, म्याडम."

"मागच्या वेळी तुमच्याशी बोलल्यावर मला खूप दिवस रुखरुख लागली होती," अवंतिका म्हणाली. "कंपनी बंद पडल्याचं कळलं. खरं सांगा हं. आता रविवार मिळतो?"

पाठीमागचं काजाचं मशीन थांबलं.

"मिळतो की. दर आयतवारी."

"खरंच?"

"तर वो. परवाच्या आयतवारी नातवाचं बारसं हुतं शिरोळात. गेलतो की." शांतव्वा कॉलर जुळवत बोलत राहिली. "कुंची शिवली हुती मी, हिरवा काठ लावून. विद्यानं सोताच्या हातानं घातली. लई बायका आलत्या. दोघी-तिघींनी पाळणं म्हटलं. पेढं वाटलं. सोमशेखर नाव ठेवलं, सोमवारी झाला म्हणून."

अवंतिकाचा चेहरा सैल झाला. तिला मनापासून आनंद झाला होता, आणि तो लपवावा असं तिला वाटलं नाही. "बघा," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही खरं बोललात, म्हणून आज हे झालं. कुणीतरी बोलावं लागतं." उठता उठता तिनं शांतव्वाच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि कुणासारखा दिसतो हो, नातू?"

शांतव्वाचा पाय मशीनवरून उचलला गेला. शर्टाचा गळा हातात होता, कॉलर अर्धी बसली होती. तिनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ह्याचं उत्तर कुणी पाठ करून घेतलं नव्हतं. लाइनीतल्या शिंगणहाळच्या बायका खाली बघत होत्या.

"आज्जीवर गेलाय, म्याडम," मागून तानाबाई मोठ्यानं म्हणाली. "नाक, कपाळ, समदं हिचंच. वटवट तेवढी कराय लागला न्हाय अजून."

बायका हसल्या. अवंतिकाही हसली. शांतव्वानं तानाबाईकडं अख्खं अंग वळवून बघितलं. तानाबाईचे डोळे भरले होते आणि ती उगाच सुईत दोरा ओवत होती. असंल बी, शांतव्वाला वाटलं. असंल बी माझ्यासारखा.

"व्हय," ती म्हणाली. "माझ्यावरच गेलाय म्हणत्यात."

आणि तिनं पुन्हा मशीनवर पाय दिला.